हिरडी शाबूत तर दात शाबूत

(क्रांती चौक येथे संस्थेच्या सभासद-विद्यार्थी मेळाव्यात एका दंतवैद्याने केलेले भाषण)



"दातांवर चार शब्द बोला," असे मला सांगण्यात आले होते. मी अध्यक्षांना म्हणालो, साहेब, मी दातांवर नाही, हिरड्यांवर बोलतो. ते हसले. घर सोडून पायाबद्दलच बोलण्यातला हा प्रकार आहे, असे त्यांना वाटले असावे. पण पाया खचला म्हणजे भिंतीला तडा जातो, हे ज्या समाजाच्या दोन-तीन पिढ्यांनी दुसऱ्यांची घरे बांधण्यात घालवली, त्या समाजाला मी वेगळे सांगायला नको.

माझ्या दवाखान्यात एक प्रसंग वर्षानुवर्षे घडत आला आहे. साठी ओलांडलेले, नोकरीतून निवृत्त झालेले एखादे गृहस्थ येतात. खुर्चीत बसण्याआधी खिशातून रुमाल काढतात. रुमालाच्या गाठीत एक दात असतो. मुळासकट आलेला, अखंड, कीड नाही, टवका उडालेला नाही. म्हणतात, "डॉक्टरसाहेब, काल भाकरी खाताना हातात आला. दुखलासुद्धा नाही. किडलेला नव्हता, मग पडला कसा?" मी तो दात उजेडात धरतो. मुळाच्या टोकापर्यंत पिवळे-काळे किटण चढलेले असते. दात निर्दोष असतो. त्याला धरून ठेवणारे सुटलेले असते.

आपल्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. या म्हणीचा अर्थ मला या शहरात कळला. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले, तेच आपले मिलिंद महाविद्यालय. त्या काळात आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून जी मुले नागसेनवनात आली, त्यांच्या तोंडात दात भक्कम होते आणि ताटात काही नव्हते. ती मुले शिकली, शिक्षक झाली, बँकेत गेली, कचेऱ्यांत गेली. आज त्यांच्या घरी बदाम आहेत, मटण आहे, नातवंडांनी आणलेले पेरू आहेत. आणि ते पेरू किसून खातात! हे वयामुळे होते, असा समज आहे. तो समज चुकीचा आहे, हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे. म्हातारपणामुळे दात पडत नाहीत. हिरडीच्या आजाराकडे वीस-तीस वर्षे लक्ष दिले नाही म्हणजे म्हातारपणी दात पडतात.

आता हिरडी म्हणजे काय ते थोडे पाहू. आरशात आपल्याला दाताचा अर्धाच भाग दिसतो. उरलेला भाग, म्हणजे मूळ, जबड्याच्या हाडात असतो. पण खिळा लाकडात ठोकावा तसा दात हाडात ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो, पाव मिलिमीटरही जाड नाही. त्या तंतूंवर दात टांगल्यासारखा असतो. आपण सुपारी फोडतो तेव्हा बसणारा दाब हे तंतू झेलतात. या सगळ्या रचनेवर वरून गच्च पांघरूण घातलेले असते ते हिरडीचे. दात हे शरीरातले एक विलक्षण ठिकाण आहे. एक कठीण वस्तू कातडी भेदून बाहेर आलेली आहे आणि तरीही आत जंतू शिरत नाहीत, कारण हिरडीची कड दाताभोवती चिकटून बसलेली असते. दात आणि हिरडीच्या मधली फट निरोगी माणसात एक ते तीन मिलिमीटर खोल असते. आम्ही बारीक खुणा केलेल्या सळईने ती मोजतो. चार, पाच, सहा मिलिमीटर भरली की समजायचे, चिकटलेली कड सुटली आणि शत्रू आत गेला.

हा शत्रू कोण? हॉलंडमधील कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६८३ साली आपल्याच दातांच्या फटीतला पांढरट मळ स्वतः घासलेल्या भिंगाखाली ठेवला आणि त्याला त्यात वळवळणारे जीव दिसले. आज आपण त्यांना जीवाणू म्हणतो. दात घासल्यानंतर काही तासांतच त्यांचा चिकट थर दातावर पुन्हा बसू लागतो. या थराच्या एका मिलिग्रॅममध्ये दहा कोटींहून अधिक जीवाणू असतात. थर मऊ आहे तोवर ब्रशने निघतो. तसाच राहू दिला तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि काही दिवसांत त्याचा दगड होतो. तेच किटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते जास्त साचते, कारण लाळेच्या नळ्या तेथेच उघडतात. घरी गेल्यावर खालच्या दातांमागे जीभ फिरवून पाहा. खडबडीत लागले तर ते हाड नव्हे, किटण आहे. ब्रशने ते कधीही निघणार नाही.

डेन्मार्कमधील ऑरहूस येथे हाराल्ड लो या संशोधकाने १९६५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना, बहुतेक दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना, त्याने दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. विद्यार्थी मित्रांनो, या प्रयोगाचे दोन्ही भाग लक्षात घ्या. हिरडी बिघडायला तीन आठवडे पुरतात. आणि सुरुवातीच्या टप्प्यावर ती पूर्ण बरी होते, औषधाशिवाय होते, फक्त थर काढून टाकल्याने होते.

हाच लो पुढे श्रीलंकेच्या चहामळ्यांत गेला. तेथील तमिळ मजूर वंचितच होते. दात घासण्याची रीत त्यांच्यात नव्हती, दंतवैद्य त्यांना कधी मिळाला नव्हता. अशा ४८० पुरुष मजुरांच्या हिरड्या १९७० पासून पंधरा वर्षे वेळोवेळी तपासण्यात आल्या. सर्वांच्या तोंडात थर होता, किटण होते, हिरड्या सुजलेल्या होत्या. पण सर्वांचे भवितव्य सारखे झाले नाही. सुमारे ८ टक्के लोकांत रोग झपाट्याने वाढला व तरुणपणीच दात गेले. ८१ टक्क्यांत तो सावकाश वाढत राहिला. ११ टक्के लोकांत सुजेच्या पुढे गेलाच नाही. म्हणून कोणी म्हणाले, "माझ्या आजोबांनी कधी ब्रश हातात धरला नाही, तरी ऐंशीव्या वर्षी ऊस खात होते," तर त्यांना खोटे ठरवू नका. आजोबा त्या अकरांतले असतील. पण आपण कोणत्या गटातले, हे आधी कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे. ऊस खाणारे आजोबा सगळीकडे थोडेच असतात.

सूज हाडापर्यंत पोहोचली की मात्र कथा बदलते. तंतू तुटतात, हाड झिजते, आणि झिजलेले हाड आपोआप परत येत नाही. लोक याला पायरिया म्हणतात. तेथून पुढे आम्ही दंतवैद्य रोग थांबवू शकतो, गेलेले सगळे परत आणू शकत नाही. सर्वात वाईट गोष्ट म्हणजे हा रोग दुखत नाही. किडलेली दाढ रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस सकाळी दवाखान्यात येतो. हिरडी वीस वर्षे मुकाट्याने जाते. तिची एकच भाषा आहे, ती म्हणजे रक्त. ब्रशवर लाली दिसली, सफरचंद चावल्यावर त्यावर डाग दिसला, की हिरडी बोलली असे समजा.

आणि त्या वेळी आपण काय करतो? रक्त येते म्हणून तेथे ब्रश फिरवणे सोडतो. थर वाढतो, रक्त आणखी येते. काहीजण औषधाच्या दुकानातून क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणतात. क जीवनसत्त्वाच्या अभावाने हिरड्यांतून रक्त येते हे खरे, आवळा-पेरू खाणेही चांगलेच. पण आपल्यातील बहुतेकांचे रक्त थरामुळे आणि किटणामुळे येते. ते गोळीने विरघळत नाही.

माता-भगिनींनो, आता मी ज्या विषयाला हात घालणार आहे त्याचा राग मानू नका. मी मिसरीबद्दल बोलतो आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने हिरडीवर घासायची. माझी आई लावत असे. पहाटे उठून दुसऱ्याच्या शेतात जाणाऱ्या बाईला मिसरीने भूक मरते, पोट साफ होते, अंगात तरतरी येते, असे ती सांगत असे आणि तिचे खोटे नव्हते. उपाशी बाईला कोणी चहा-भाकरी दिली नाही, तंबाखू मात्र स्वस्तात मिळाली. म्हणून जे लोक व्यासपीठावरून मिसरी लावणाऱ्या बायकांना अडाणी म्हणतात, त्यांच्याशी माझे जमत नाही. पण मिसरीने काय होते ते मी डोळ्यांनी पाहतो. ज्या जागी बोट फिरते तेथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडे पडते, थंड पाणी लागले की कळ येते. पुढे त्याच जागी पांढरा चट्टा येऊ शकतो, आणि अशा चट्ट्याचा कधी कधी कर्करोग होतो.

याहून फसवी गोष्ट सांगतो. तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे आतून रोग असूनही रक्त येत नाही. हिरडीची जी एकच भाषा होती, तीही तंबाखू बंद करते. "मिसरीने माझ्या हिरड्या घट्ट राहतात, कधी रक्त नाही," असे बाई अभिमानाने सांगते, आणि सळई सात मिलिमीटर आत जाते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचेही हेच.

केंद्र सरकारने १९९२ साली दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. मंजन बनवणारे न्यायालयात गेले, पण १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. कायदे झाले ते बरेच झाले. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीपर्यंत कायदा पोहोचत नाही. आणि गुटख्याच्या पुड्या कोठे मिळतात हे वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्यांना एवढेच सांगतो की सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासे होते. तोंडात तीन बोटे उभी जात नसतील तर त्याच आठवड्यात तपासून घ्या. तो आज माझा विषय नाही, पण बोलल्यावाचून राहवत नाही.

आपली ही धम्मबांधवांची सभा आहे, म्हणून विनयपिटकातली एक गोष्ट सांगतो. चुल्लवग्गात ती आहे. भिक्खू दंतकाष्ठ वापरत नसत, त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. ही गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली. त्यांनी दंतकाष्ठ न वापरण्याचे पाच तोटे आणि वापरण्याचे पाच फायदे सांगून ते वापरण्याची अनुज्ञा दिली. पुढे काही उनाड भिक्खू लांबलचक काड्या वापरू लागले आणि त्याच काड्यांनी सामणेरांना मारू लागले. तेव्हा काडी आठ अंगुळांहून लांब नसावी असा नियम झाला. मग एकाने फारच आखूड काडी घेतली, ती घशात अडकली. तेव्हा चार अंगुळांहून आखूड नसावी असा दुसरा नियम झाला. मला हा प्रसंग फार आवडतो. दुःखमुक्तीचा मार्ग सांगणारा महापुरुष दात घासण्याच्या काडीची लांबी ठरवण्यात वेळ घालवतो, आणि ते आपल्या योग्यतेपेक्षा लहान काम आहे असे त्याला वाटत नाही! सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूने आपल्या प्रवासग्रंथात दंतकाष्ठावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. सकाळी काडीचे टोक चावून मऊ करायचे, त्याने दात घासायचे आणि तोंड धुतल्याशिवाय कोणाला वंदन करायला जायचे नाही, अशी येथील संघाची रीत होती. विद्यापीठामागच्या डोंगरात आपली जी लेणी आहेत, तेथे राहणाऱ्या भिक्खूंचा दिवसही असाच सुरू होत असला पाहिजे, असे मला तेथे गेलो की वाटते.

आता विवेकाची गोष्ट. विनयातील त्या पाच तोट्यांत पहिला तोटा डोळ्यांचा आहे. दंतकाष्ठ न वापरणे डोळ्यांना चांगले नाही, अशी त्या काळची समजूत होती. आजचे शास्त्र तिला दुजोरा देत नाही. ग्रंथात आहे एवढ्यावरून मानू नका, हे कालामांना सांगणाऱ्या बुद्धांचे आपण अनुयायी आहोत, तेव्हा हे मान्य करायला अडचण नसावी. मी मुद्दाम सांगतो, कारण वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती आजही जिवंत आहे. दाढेच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत. दाढ काढल्याने नजर जात नाही.

दुसरी भीती याहून घातक आहे. "किटण काढले की दात हलतात." हे मी आठवड्यातून चार वेळा ऐकतो. त्यात सत्याचा अंश कुठे आहे ते सांगतो. हाड झिजलेले असते, दात आधीच सुटलेला असतो, आणि दोन दातांमधल्या फटीत दगडासारखे बसलेले किटण त्यांना एकमेकांना जखडून ठेवते. पडक्या भिंतीला टेकवलेली कचऱ्याची रास काढली की भिंत हलताना दिसते, तसे ते आहे. शिवाय सूज उतरली की दातांमध्ये फटी दिसतात आणि काही दिवस थंड लागते. रोगी म्हणतो, डॉक्टरने दात मोकळे केले. डॉक्टरने नव्हे, रोगाने केले. थंड लागणे साधारणपणे काही आठवड्यांत कमी होते.

एक गोष्ट विशेषतः विद्यार्थिनींसाठी. टूथपेस्टच्या जाहिरातीत हिरड्या गुलाबी असतात. आपल्यापैकी अनेकांच्या हिरड्या तपकिरी किंवा काळसर असतात. एक कॉलेजची मुलगी माझ्याकडे आली होती. ती हसताना तोंडावर हात ठेवत असे. "सर, माझ्या हिरड्या घाण आहेत, गुलाबी करून द्या," म्हणाली. मी तपासले. फट कुठेही दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नव्हती, रक्ताचा थेंब आला नाही, संत्र्याच्या सालीवर असतात तसे बारीक ठिपके हिरडीवर होते. इतक्या निरोगी हिरड्या मी त्या महिन्यात पाहिल्या नव्हत्या. कातडीला रंग देणारे द्रव्यच हिरडीलाही रंग देते. तो रोग नाही, मळ नाही, लाजेची गोष्ट तर मुळीच नाही. निरोगी हिरडी घट्ट असते, तिची कड धारदार असते, घासताना रक्त येत नाही. बस. रंगावरून माणसाची किंमत करण्याची सवय आपण समाजातून हद्दपार करायला निघालो आहोत, तोंडात तरी ती कशाला ठेवायची? मात्र पूर्वी नसलेला एखादाच डाग नव्याने उमटला किंवा वाढू लागला, तर तो दाखवावा.

मधुमेहाबद्दल दोन शब्द. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि त्याने त्यांना किती छळले हे आपण सर्वांनी वाचले आहे. आज आपल्या वस्तीत घराआड मधुमेही आहे. साखर ताब्यात नसली की हिरडीचा रोग भराभर वाढतो. उलटही खरे आहे. हिरडीत सतत सूज असली की साखर ताब्यात यायला त्रास होतो. हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनी साखरेच्या तपासणीत थोडी सुधारणा दिसते, असे अभ्यासांत आढळले आहे. हिरडी आणि हृदयविकार यांचेही नाते दिसते, पण एकामुळेच दुसरा होतो हे अजून सिद्ध झालेले नाही, म्हणून मी त्यावरून कोणाला घाबरवणार नाही. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. "पोटात बाळ आहे, दाताला हात लावू नका," असे म्हणून सासूबाई सुनेला थांबवतात. उलट त्या काळात किटण काढून घ्यावे. मधले तीन महिने त्याला सोयीचे असतात.

करायचे काय? फार नाही. मऊ ब्रश घ्या, कडक नव्हे. तो दातावर आडवा खसाखसा ओढू नका, दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरपा टेकवा आणि जागच्या जागी हलकेच हलवा. दोन मिनिटे. रात्री झोपण्यापूर्वी तर चुकवूच नका. एक वेळच जमणार असेल तर रात्रीची वेळ धरा. दातांमधल्या फटीत ब्रश पोहोचत नाही, तेथे दोरा किंवा बारीक ब्रश लागतो. सेफ्टी पिन आणि काडेपेटीची काडी नको. निंबाची काडी चालते का, असे वडीलधारे विचारतात. चालते, टोक नीट चावून मऊ केले तर आणि हिरडी खरवडली नाही तर. राखुंडी, विटेचा चुरा, मीठ चोळणे सोडा, त्याने दाताची मान झिजते. आणि वर्षातून एकदा किटण काढून घ्या. घाटीच्या आवारात १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. हिरड्यांच्या रोगांचा तेथे स्वतंत्र विभाग आहे. क्रांती चौकातून तेथे जायला रिक्षाला फार वेळ लागत नाही. रांगेत बसावे लागेल, पण दात गेल्यावर कवळीसाठीही रांगच आहे.

शेवटी आपल्या शिबिरांविषयी एक तक्रार. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आपण आरोग्य शिबिरे घेतो. तेथे हलणारे दात काढले जातात, पेस्टच्या नळ्या वाटल्या जातात, फोटो निघतो. मीही त्या फोटोंत आहे. पण दात काढणे म्हणजे घर पडल्यावर पंचनामा करणे आहे. माझी संस्थेला विनंती आहे की एक वही घालावी. वस्तीतल्या प्रत्येक घरातल्या प्रौढांना एकच प्रश्न विचारावा, घासताना रक्त येते का? आणि तंबाखू किंवा मिसरी असेल तर रक्ताचे उत्तर काहीही असो, नावापुढे खूण करावी. त्या नावांना आधी पाठवावे. तीन महिन्यांनी तीच वही घेऊन पुन्हा त्याच घरी जावे. हे काम करायला डॉक्टर लागत नाही, बारावीचे विद्यार्थी करू शकतात. किती जणांची तयारी आहे, ते आजच नाव देऊन सांगा.

पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी आणि माझे दोन सहकारी याच सभागृहात बसू. सळई, आरसा आणि बॅटरी आमच्याजवळ असेल. येताना मुद्दाम जोर लावून दात घासून येऊ नका, रोज जसे घासता तसेच या. आणि घरात मिसरीची डबी असेल तर जिची डबी आहे तिलाही बरोबर आणा, डबी लपवायला सांगू नका.

जयभीम!